पाकिटाबाहेरची गोळी

"सुट्टी लागली म्हणून तलाव तुमच्या बापाचा झाला नाही. चालते व्हा!"

पोहण्याच्या सरांनी बारक्याचं बखोट धरून त्याला सामानाच्या खोलीबाहेर काढलं आणि दार आपटलं. बारक्याला त्याचं काही वाटलं नाही. हवं ते त्यानं पाहून घेतलं होतं.

बाहेर त्याची उंच मामेबहीण जिराफ आणि शेजारचा भोपू थांबले होते. भोपूला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. तिघं बारक्याच्या ताईची पोहण्याची शर्यत बघायला आले होते. दुपारी अंतिम फेरी होती. पहिल्या दोघींना देशाच्या संघाच्या शिबिरात जागा मिळणार होती, आणि ताईचं नाक सकाळपासून चोंदलं होतं.

"सर पाकिटातून गोळ्या काढून साबणाच्या डबीत भरतायत," बारक्या म्हणाला. "रिकामी पाकिटं कचऱ्यात."

"का?" भोपू गरजला.

"हळू बोल रे! म्हणतात, पोरी नावं वाचतात आणि फाटे फोडतात."

जिराफच्या कपाळाला आठ्या पडल्या. शर्यतीनंतर लघवी तपासतात, हे तिला ताईनंच सांगितलं होतं. बंदी असलेलं काही सापडलं की पदक जातं आणि पुढे खेळताही येत नाही. सर्दीच्या साध्या गोळीतही तसलं काही असू शकतं.

ताई बाकावर बसून खांदे मोकळे करत होती. तळहातावर गोळी होतीच.

"ताई, हिचं नाव काय?" जिराफनं विचारलं.

"सरांना विचार."

"तू विचारलंस?"

"सर मला लहानपणापासून शिकवतायत. तुम्हाला धड तरंगताही येत नाही. माझी शर्यत बिघडवायला आलात का इथे?"

बोलून काही उपयोग नव्हता. बारक्यानं सरळ गोळी हिसकावली आणि धूम ठोकली. मागून ताईचे शब्द आले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

सामानाच्या खोलीमागच्या कचऱ्याच्या डब्यात केळ्यांच्या साली होत्या, ओला कापूस होता आणि बरीच रिकामी पाकिटं होती. सगळ्यांवर काही ना काही छापलेलं होतं. यातलं आपलं कुठलं?

"गोळीच सांगेल," जिराफ म्हणाली. ती एकेका पाकिटाच्या फुगीर खोबणीत गोळी बसवून बघू लागली. एकात ती सैल पडली, एकात शिरेचना. मग एका लांबट खोबणीत अगदी चपखल बसली. बारक्यानं पाकीट उलटं केलं. खेळाडू आपली औषधं तपासतात ती साइट जिराफनं मोबाइलवर उघडली आणि नाव टाकलं. लाल अक्षरं आली: स्पर्धेच्या दिवशी मनाई.

काचेतून तलाव दिसत होता. सर ताईला डबीतली दुसरी गोळी देत होते. "माझ्यासमोर गिळ," असं म्हणत असणार. ताईनं पाण्याची बाटली उघडली.

"भोपू," जिराफ म्हणाली, "आता ओरड."

"ताई, गिळू नकोस! ती गोळी बंदीची आहे!"

अख्ख्या तलावानं वळून पाहिलं. तपासणीच्या खोलीतून तपासनीस बाई बाहेर आल्या. बारक्यानं धावत आत जाऊन पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"कार्टी खोटारडी आहेत," सर फणफणले. "साधी सर्दीची गोळी ती."

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

सरांना नाव सांगता येईना. "दुकानदाराला म्हटलं, काहीतरी कडक दे."

बाई ताईकडे वळल्या. "शर्यतीनंतर तपासणीत हे सापडलं असतं, तर कागदावर यांचं नाव आलं नसतं. तुझं आलं असतं."

ताईनं गोळी बाईंच्या हातावर ठेवली. ती चोंदल्या नाकानंच पोहली आणि दुसरी आली. सरांना चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं. त्यांनी मुलांकडे असं पाहिलं की भोपूसुद्धा गप्प झाला. बाई मात्र तिघांना म्हणाल्या, "हे काम आम्हा मोठ्यांचं होतं. तुम्ही केलंत. शाब्बास."

घरी बाबांनीही पाठ थोपटली. ताईनं गोळी हिसकावल्याबद्दल बारक्याचा कान पिळला आणि मग बराच वेळ त्याला जवळ घेऊन बसली. तिला खोकला येत होता. बारक्यानं खिशातली घशाची गोळी सोलून तिच्यापुढे धरली.

ताईनं हात मागे घेतला. "कागद कुठाय?"

"टाकला कचऱ्यात."

"जा, शोधून आण."

बारक्या कुरकुरत उठला आणि त्यानं पुन्हा एकदा कचऱ्याच्या डब्यात हात घातला.