सरलाबाईंचे डोळे

शटर अर्धं खाली ओढलं, तेवढ्यात खालून दोन चपला दिसल्या. पुरुषाच्या, धुळीने माखलेल्या. मग वाकून आत डोकावणारा एक चेहरा…

"बेन, एक फोटो बनी जशे?" त्याने गुजरातीत विचारलं.

"जेवायची वेळ झाली. चारनंतर या," मी म्हटलं. मी तशी तोंडाने फटकळच. आई म्हणते, या पोरीचा स्टुडिओ चालतो तरी कसा, देव जाणे!

तो हलला नाही. मराठीत म्हणाला, "उद्या गंधमुक्ती आहे. मायची. हार घालायला तिचा एक धड फोटो नाही."

मी शटर वर ढकललं.

आमच्या कोसाडच्या वसाहतीत खानदेशातून आलेली घरं गल्लीगल्लीत. पुरुष कापडाच्या लूमवर, बाया घरी साड्यांना लेस लावतात. कुणी गेलं की दिवस संपताना गंधमुक्तीला पाटावर फोटो मांडायचा, त्याला हार घालायचा. पाट रिकामा राहिला तर बायका कुजबुजणारच — बिचारीचा एक फोटोसुद्धा काढला नाही पोरानं!

त्याचं नाव वाल्मिक. मार्केटात एका दुकानात साड्या दाखवायचं काम करायचा. आई सरलाबाई. कुणी मोबाइल उगारला की ती तोंडावर पदर ओढायची. आधार कार्डावरचा फोटो असा काळपट, की तिच्या बहिणीनेसुद्धा ओळखला नसता.

"आणि हा एक," त्याने मोबाइल पुढे केला. चलथाणच्या कुणा भाचीची हळद. गालाला हळद फासलेल्या सरलाबाई खळखळून हसत होत्या आणि डोळे गच्च मिटलेले.

"डोळे उघडून मिळतील का?"

काय हा प्रश्न! हसू यावं की रडू, कळेना. मी कॉम्प्युटरवर बसले. इकडचे डोळे लावून पाहिले, तिकडचे लावले. सरलाबाई साडीच्या जाहिरातीतल्या बाईसारख्या दिसायला लागल्या. वाल्मिकने मान फिरवली.

"ही माय नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. लांब पापण्या, कडेला किंचित उतरलेले डोळे. दिवसच्या दिवस रडून सुजलेले असले तरी सुंदर.

"डोळे आईवर गेलेत का तुमचे?"

"सगळे तसंच म्हणतात."

"मग बसा त्या स्टुलावर."

बसला बापडा, पण कॅमेरा वर केला की नजर खाली जायची. घाई केली असती तर घाबरलेले डोळे मिळाले असते, आणि ते काय कामाचे? मी कॅमेरा मांडीवर ठेवला. शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खटखट ऐकत आम्ही नुसते बसलो. मग विचारलं, "माय रागवायची कशी?"

"रागवायची नाही… जेवताना ताटात दोन भाकरी जास्त टाकायची. संपव म्हणायची."

"अन् तुम्ही संपवायचात?"

"न संपवून सांगतो कुणाला!"

त्याचे डोळे उजळले. मी हळूच कॅमेरा उचलला. "आता इकडे बघा."

"कॅमेऱ्याकडे की तुमच्याकडे?"

"कॅमेऱ्याकडे. माझ्याकडे बघायचे पैसे वेगळे."

तो हसला… आणि लगेच ओशाळला, आई गेल्यावर हसणं पाप असल्यासारखा. म्हणाला, "मी हसलो."

"हसलात तर काय झालं! त्यांनाही आवडलं असतं."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मी बटण दाबायचं विसरले. खरंच विसरले! लग्नाच्या मांडवात हजार माणसं मला ढकलतात तरी माझा एक फोटो चुकत नाही. मग भानावर येऊन बटण दाबलं.

फोटो जमला. त्याचे डोळे, तिचा चेहरा. पाहून वाल्मिक ढसाढसा रडला. मी पाण्याचा पेला पुढे केला. मग डोळे पुसत तो म्हणाला, "फक्त… वडिलांना, आप्पांना सांगू नका हं. त्यांना वाटू दे, हा खराच फोटो आहे."

"ते नाही जमायचं."

"का?"

"मी फोटोत जे बदलते ते सांगते. इथल्या बाया पोरींचे फोटो, अख्खे मोबाइल माझ्या हातात देतात, ते याच भरवशावर. एका स्टुडिओत एका पोरीला गोरी करून दिली, तिला न विचारता. पाहुण्यांनी तिला प्रत्यक्ष पाहिलं आणि चहा न पिताच उठले. पोरगी वर्षभर घराबाहेर पडली नाही."

"ती गोष्ट वेगळी. म्हाताऱ्याला जरा बरं वाटलं तर तुमचं काय जातं?"

"उद्या कळलं तर? त्यांनी रोज कुणाच्या डोळ्यांशी बोलायचं?"

"तुम्हाला नाही कळायचं," तो ताडकन उठला. "तुमची आई आहे घरी!"

गेला. फोटो न घेताच गेला. मला इतका राग आला, इतका राग आला की काही विचारू नका! त्याचा आला, आणि त्याहून माझा आला. कारण सकाळी ज्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं, तो निघून गेल्यावर स्टुडिओ ओका ओका वाटत होता. मला तो आवडला होता. आणि आईच्या फोटोपुढे बापाशी खोटं बोलणारा माणूस मला आवडून चालणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दोन फोटो छापले. एक डोळे उघडलेला, एक मिटलेला, हळदीतला, जसाच्या तसा. दोन्ही फ्रेममध्ये बसवले आणि पत्ता विचारत त्याच्या घरी गेले. दारात चपलांचा ढीग. पाटावर समई, समोर हार, आणि फोटोची जागा रिकामी.

वाल्मिक बाहेर आला. मला पाहून चपापला.

"दोन्ही घ्या," मी म्हटलं. "कुठला मांडायचा, काय सांगायचं, तुम्ही ठरवा. मी तोंड उघडणार नाही. माझा शब्द."

तो दोन्ही घेऊन आत गेला. मी दाराशी बायकांमध्ये उभी राहिले.

भिंतीला टेकून त्याचे वडील बसले होते, पंडितआप्पा. वाल्मिकने उघड्या डोळ्यांचा फोटो त्यांच्या हातात दिला. आप्पांचा चेहरा असा उजळला!

"सरला…" त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. "मनाकडेच देखी राहिनी."

माझ्याकडेच बघतेय, म्हणाले. सगळ्या बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मीसुद्धा हरले. मनात म्हटलं, राहू दे रे बाबा. नको सांगूस. खरं बोलून या म्हाताऱ्याचं काय भलं होणार आहे?

वाल्मिक त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"आप्पा… ह्या डोया तिना नहीत. मना शेतस."

हे डोळे तिचे नाहीत, माझे आहेत, म्हणाला. आप्पांनी फोटोकडे पाहिलं. मग पोराकडे. परत फोटोकडे. मग पोराची हनुवटी धरून वर केली आणि म्हणाले, "मंग ह्या आठेच ऱ्हाऊ दे." हे इथंच राहू देत. तुझ्याकडेच.

वाल्मिकने दुसरी फ्रेम पुढे केली. मिटलेले डोळे, हळदीचे गाल. आणि काय सांगू, म्हातारा हसला! रडता रडता हसला.

"हाऊ मांड. हासे तव्हय अशाच डोया मिटी ले ती."

हा मांड, हसली की अशीच डोळे मिटून घ्यायची म्हणे. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तेच पाहिलं होतं. आम्ही मात्र तेवढंच दुरुस्त करायला बसलो होतो.

हार घातला गेला. मी गुपचूप रिक्षा बघायला रस्त्यावर आले. मागून पावलं वाजली.

"काल फार राग आला होता तुमचा," वाल्मिक म्हणाला.

"मलाही. तुमचा."

"मग आलात कशाला?"

"आवडलात म्हणून आले!"

गेलं तोंडातून. जीभ चावली, पण आता काय उपयोग! वर तारेत अडकलेला एक पतंग फडफडत होता. मी त्या पतंगाकडेच बघत राहिले.

तो म्हणाला, "माय असती ना… तर आजच तुमच्या घरी आली असती. पदर खोचून." त्याने मागे वळून घराकडे पाहिलं. "आता कोण येईल विचारायला?"

"आप्पा येतील," मी म्हटलं. "मायचं वर्ष होऊ द्या. मग घेऊन या त्यांना."

"वर्षभर… थांबाल?"

रिक्षा येऊन उभी राहिली. घरातून कुणीतरी ओरडलं, पंगत बसली, वाढायला बायका कमी पडताहेत.

माझी कॅमेऱ्याची बॅग मी कुणाच्या हातात देत नाही. सख्ख्या भावाच्याही नाही. ती काढून मी वाल्मिकच्या खांद्याला अडकवली, रिक्षावाल्याला जा म्हटलं, आणि ओढणी कमरेला खोचून वाढायला आत गेले.