पायरीवरचं मत

ही गोष्ट ऐकून हसणारे हसतात. हसू देत. मी तिथे होतो.

अमेरिकेतलं केंटकी. उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध संपलं त्या वर्षीची, ऑगस्टमधली निवडणूक. भर दुपार, कोर्टाचं अंगण माणसांनी भरलेलं.

माझे काका, लायसँडर प्रुइट, उत्तरेच्या बाजूचे उमेदवार. वडील, हायरम, युद्धात दक्षिणेकडून लढलेले. सख्खे भाऊ. तेव्हाच काकांच्या माणसांनी वडिलांना आमच्याच अक्रोडाच्या झाडाला फाशी दिलं होतं.

काका म्हणायचे, "मी तिथे नव्हतोच."

आईला ते पटलं नव्हतं. मलाही. खरं कळलं की गोळी घालायची, एवढं ठरवून मी काकांच्या मागे उभा होतो. कोटाच्या खिशात पिस्तूल होतं.

आमच्याकडे मत लपवत नाहीत. पायरीवर चढून नाव मोठ्याने घ्यायचं. उमेदवाराने उठून, हॅट काढून आभार मानायचे.

"लायसँडर प्रुइट," म्हातारा ओबेद म्हणाला. "मत तुला. व्हिस्की मात्र समोरच्या उमेदवाराची प्यालोय."

"आभारी आहे, ओबेददादा. पोट त्यांचं, तोंड आमचं."

सगळे हसले. पायरी रिकामी झाली...

आणि काका पुन्हा उठले.

हॅट काढली. समोर कुणीच नव्हतं.

"आभारी आहे... हायरम."

माश्यांची घोंघोंसुद्धा थांबली.

"काय बरळतोयस?" शेरीफ म्हणाला. "बस खाली."

काका बसले नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"दोर मीच ओढला रे," ते पुटपुटले. "तू हाका मारत होतास, आणि मी ओढत राहिलो. आता तरी सोड मला."

मी खिशातच पिस्तूल घट्ट धरलं...

तेवढ्यात काकांचे पाय जमिनीवरून सुटले.

वर फांदी नव्हती. दोर नव्हता. त्यांची जीभ बाहेर आली. टाचा खुर्चीवर आपटत राहिल्या. नाकातलं रक्त शर्टावर ओघळलं. चौघांनी पाय धरून खाली खेचलं, आणि मान कडकन मोडली.

डॉक्टर म्हणाले, झटका आला. कुणी तोंड उघडलं नाही.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

घरी आईने विचारलं, "तू मारलंस?"

"नाही. हात खिशातून काढलेच नाहीत."

तिने माझे हात धरून उलटे केले...

दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती. मांसात दोराचे धागे रुतले होते.

आईने ते एकेक उपटून चुलीत टाकले. हे कसं झालं, ते विचारलंच नाही, जणू तिला आधीच ठाऊक होतं. त्याचीच मला आजही भीती वाटते.