मालाबुनानला रेंज होती

रोसेंदा साल्सेदो दार न वाजवताच आत आली आणि कॉफी पीत बसलेल्या त्रिनिदाद ओकांपोपुढे तिने एक कागद ठेवला. अडलेली माणसं आपलं गाऱ्हाणं घेऊन या 'मनांग'कडे, म्हणजे ताईकडे, यायची.

"मनांग, रेंजच्या चाचणीच्या या सरकारी कागदावरचं अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे. सहीही त्याचीच. पण खोटं लिहिणारा माणूस नाही तो."

हिलारियो बांतुगने कागद उचलला. तो निवृत्त हवालदार; त्याला सगळे 'मनोंग', म्हणजे दादा, म्हणत. आता त्रिनिदादची जीप चालवायचा आणि समोरच्याचं बोलणं लगेच खरं मानायचा.

"'मालाबुनान. मंगळवार, १४ मे. लायाग टेलिकॉम : रेंज पूर्ण. दुसरी कंपनी : शून्य,'" त्याने वाचलं. "अहो बाई, तिथे रेंज असती तर..."

वाक्य त्याने अर्धवटच सोडलं. ऑक्टोबरच्या वादळात मालाबुनानची सात माणसं वाहून गेली होती. पूर येणार असा संदेश प्रांताच्या आपत्ती खात्याने दुपारीच पाठवला होता. गावची सुईण देल्फिना नवाल हिच्याकडे लायागचा सरकारी फोन होता. संदेश आला की तिने चॅपलची घंटा वाजवायची, असं ठरलेलं. संदेश पोचला नाही. सातांतली एक देल्फिनाच होती.

"अमादोला ऑफिसने निलंबित केलंय," रोसेंदा म्हणाली. "बाजारात बायका माझ्या टोपलीतली भाजी काढून फेकतात. काल मुलीला शाळेतून परत पाठवलं."

"त्याला मी एकच गोष्ट विचारणार," त्रिनिदाद म्हणाली. "तो तिथे खरंच गेला होता का?"

अमादो साल्सेदो घराच्या मागच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली.

"गेलो होतो, मनांग. दोन्ही कंपन्यांची सिमकार्डं मी स्वतः बाजारातून घेतली होती, कंपनीकडून नाही. वाटेत दोन तास दोन्ही फोन मेलेले. चॅपलपाशी पोचलो आणि लायागच्या फोनवर पूर्ण कांड्या. चार वेळा मोजलं."

"मंगळवारी?"

"मंगळवारी जायचं होतं. सोमवारी रात्रीच तापाने आडवा झालो. शेवटी शुक्रवारी गेलो. फॉर्मवर तारीख आधीच छापलेली होती, ती बदलायची राहिली."

"शुक्रवारी जाणार हे कुणाला सांगितलं होतं?"

"सांगायचं कुणाला? डिझेलची चिठ्ठी तेवढी बुधवारी ऑफिसात पाठवली. 'शुक्रवार, मालाबुनान' असं लिहून."

जीपमध्ये बसल्यावर हिलारियो म्हणाला, "थापा मारतोय. घरी बसून आकडा लिहिलाय त्याने."

"बघू," त्रिनिदाद म्हणाली.

खरेदी समितीच्या अध्यक्षा होत्या वकील कोन्सुएलो अर्नाइस. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"दहा मिनिटं. दोनशे बारा कर्मचाऱ्यांचे फोन आहेत. नुसत्या स्वस्ताईवर आम्ही कंपनी निवडत नाही. साठ गावांतून बारा गावांच्या चिठ्ठ्या काढल्या. बारापैकी दहांत रेंज हवी, अशी अट. लायागला दहा मिळाली. मालाबुनान नसतं तर नऊच झाली असती."

"गावांची नावं कुणाकुणाला माहीत होती?"

"मला, साल्सेदोला आणि टायपिंग केलं म्हणून क्रिस्पुलोला. सोमवारी सकाळी चिठ्ठ्या काढल्या आणि दुपारच्या विमानाने मी मनिलाला गेले. मालाबुनानची चाचणी मंगळवारी झाली. मी परत आले रविवारी."

"मंगळवारी?"

"कागदावर तसंच आहे ना? तुम्ही वाचला नाहीत का?"

"वाचला, मॅडम," त्रिनिदाद म्हणाली.

समितीचा सचिव क्रिस्पुलो नवाल बाहेरच्या टेबलावर होता. दंडाला काळी फीत. हिलारियोने डोक्यावरची टोपी काढली.

"देल्फिना तुझी..."

"धाकटी बहीण," क्रिस्पुलो म्हणाला. "मनोंग, साल्सेदोची वकिली करायला आला असाल तर कृपा करून जा."

"डिझेलच्या चिठ्ठ्या कुणाकडे येतात?" त्रिनिदादने विचारलं.

"माझ्याकडे. का?"

"चिठ्ठी वाचतोस की नुसता शिक्का मारतोस?"

"वाचल्याशिवाय डिझेल कसं देणार?"

बाहेर आल्यावर हिलारियो तिच्यावर चिडला. "बहीण गेलीय त्याची! डिझेलचं काय विचारत बसलात?"

दुसऱ्या दिवशी ते मालाबुनानला गेले. पुराचा गाळ अजून भिंतींवर कमरेएवढा होता. चॅपलपाशी म्हातारी सिमेओना सुके मासे उलटत बसली होती.

"मे महिन्यात इथे कुणी गाडी आणली होती का, नानाय?" त्रिनिदादने विचारलं.

"आली होती की. जत्रेच्या दिव्यांची. हा एवढा उंच खांब वर काढला आणि जनित्र लावलं. गुरुवारी संध्याकाळी आली, शनिवारी उजाडायच्या आत गेली. दिवा मात्र एकही लागला नाही! आम्ही म्हटलं, मेयरने यंदाही फसवलं."

"सगळ्यांना दिव्यांचीच वाटली?"

"देल्फिनाला नाही. ती हसायची आम्हाला. म्हणायची, खुळ्यांनो, दिव्यांचा नाही, फोनचा खांब आहे तो. नाताळापर्यंत परत येईल आणि मग कायमचा राहील." म्हातारीने एक मासा उगाचच पुन्हा उलटला. "माझा जावई पण गेला, पोरी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं."

परतीच्या वाटेवर हिलारियोने जीपचा वेग कमी केला. मग म्हणाला, "म्हणजे कंपनीने गाडीवरचा मनोरा आणून उभा केला. अमादोनेच त्यांना बोलावलं असणार."



बुधवारी सकाळी अर्नाइस मॅडमच्या खोलीत सगळे जमले. साल्सेदो नवरा-बायको, क्रिस्पुलो, आणि दाराशी एक हवालदार.

"कागदावरचा आकडा खरा आहे," त्रिनिदादने सुरुवात केली. "त्या दिवशी मालाबुनानला रेंज होती. गुरुवारी संध्याकाळी लायागची गाडी मनोरा घेऊन गेली, शनिवारी परत आली. चाचणी शुक्रवारी झाली. म्हणजे गावाचं नाव त्यांना कुणीतरी सांगितलं होतं."

"नवऱ्याचं नाव घ्यायचं असेल तर माझ्या तोंडावर घ्या," रोसेंदा म्हणाली.

"त्याने आकडा विकला असता तर गाडी कशाला लागली असती? घरी बसून लिहिला असता. मनोरा नेला तो मोजणाऱ्याला फसवायला. म्हणजे मोजणारा प्रामाणिक होता."

रोसेंदाने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"उरलो मी आणि क्रिस्पुलो," अर्नाइस मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलं असतं तर गाडी मंगळवारसाठी गेली असती. दिवस बदलला हे तुम्हाला आज कळतंय. फॉर्मवर ते नव्हतं, होतं फक्त डिझेलच्या चिठ्ठीवर. आणि चिठ्ठी वाचली एकाच माणसाने."

"मनांग," हिलारियो न राहवून म्हणाला, "अहो, स्वतःच्या बहिणीच्या गावाशी कोण असं करेल?"

"बहिणीचं गाव होतं म्हणूनच केलं. सगळा गाव म्हणत होता दिव्यांचा खांब. एकट्या देल्फिनाला माहीत होतं की तो फोनचा आहे आणि नाताळापर्यंत परत येणार आहे. ते तिला कुणी सांगितलं, क्रिस्पुलो?"

क्रिस्पुलोने दंडावरची फीत सोडवली, हातात चुरगळली.

"मी एक दमडी घेतली नाही," तो म्हणाला. "त्यांचा माणूस म्हणाला, कंत्राट मिळालं की नाताळापर्यंत तिथे पक्का मनोरा बांधतो. नाहीतर दहा वर्षं त्या डोंगरात कुणी येणार नाही. दुसरी कंपनी तरी कुठे येणार होती? दर महिन्याला लायागकडे जाऊन विचारत होतो. म्हणायचे, पुढच्या महिन्यात."

"आणि माझी मुलगी घरी बसलीय!" रोसेंदा ओरडली. "सहा आठवडे तू आम्हाला शिव्या खाऊ दिल्यास. तिच्या मयताला तूच थुंकलास ना अमादोवर?"

क्रिस्पुलोने मान डोलावली.

अर्नाइस मॅडमनी चार ओळींचं पत्र लिहून सही केली आणि ते पुढे सरकवलं. "साल्सेदो, तुमचं निलंबन आजच मागे घेते. कंत्राटाचं मात्र... कायद्याने नवी निविदा काढावी लागेल. वर्ष जाईल. तोवर हेच फोन."

"मालाबुनानलाही?" त्रिनिदादने विचारलं.

"नवी सुईण सोमवारी रुजू होतेय. तिला फोन द्यावाच लागेल, नियम आहे."

अमादो उठला. "मॅडम, पत्र नको मला. दोन तास फोन मेलेला होता आणि एका वळणावर पूर्ण रेंज आली. चॅपलमागे जनित्र घरघरत होतं, मला ऐकू येत होतं. मागे जाऊन बघायचं होतं फक्त. अंगात कणकण होती, घरी जायचं होतं. आकडा लिहिला आणि निघालो."

"अमादो, गप्प बैस," रोसेंदा म्हणाली. तो थांबला नाही, बाहेर गेला. ती पत्र उचलून त्याच्यामागे धावली.

हवालदाराने वही उघडून क्रिस्पुलोला समोर बसवलं. नाव, वय, हुद्दा. मग विचारलं, "यादी दिल्याबद्दल मिळालं काय तुला?"

क्रिस्पुलोने चुरगळलेली फीत टेबलावर सरळ केली.

"एक फोन," तो म्हणाला. "त्या शुक्रवारी सकाळी तिने मला केला होता, स्वतःच्या दारातून. आठ वर्षं नोकरी केली तिथे, पहिल्यांदाच. कोंबडा आरवत होता मागे. म्हणाली, दादा, ऐकू येतंय का रे तुला?"

"हे कुठल्या रकान्यात लिहू?" हवालदाराने त्रिनिदादकडे बघत विचारलं.