गुळव्याची साखरपट्टी

गणपतराव चौगुल्यांच्या दंडावरची साखरपट्टी गुऱ्हाळात दिवसभर बोंबलायची. बोटभर लांबीची ही पट्टी सूक्ष्म सुयांनी रक्तातली साखर मोजून आकडा कमरेच्या पंपाला कळवी आणि पंप लागेल तेवढं इन्सुलिन अंगात सोडी. सोय झकास होती, पण जिभेवर कण ठेवल्याशिवाय गुळव्याला गूळ कसा कळणार? प्रत्येक कणाला पट्टी शिट्टी मारी आणि कामकरी खुदखुदत. पंचक्रोशीत नावाजलेल्या माणसाला हे कसं सोसावं?

दुपारी त्यांची सून प्रणोती भाकरी घेऊन आली, तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. घामाने निथळत होते. चुलवाणाच्या धगीशेजारी घाम यायचाच, पण तिने त्यांच्या कपाळाला हात लावला तर ते गार होतं. हात थरथरत होते.

"मामंजी, काय हुतंय?"

"कोण गं तू? माझी बैलं का सोडलीस?"

बैलं विकून बारा वर्षं झाली होती.

"साखर एकशे ब्याण्णव," पंप म्हणाला. "गोड देऊ नका. इन्सुलिन सोडत आहे."

प्रणोती थबकली. आरोग्य शिबिरात शिकवलेली ही लक्षणं तर साखर उतरल्याची होती. तिने त्यांची बाही वर सारली. दंडावर पट्टीच नव्हती.

"पट्टी कुठाय?"

चुलवाणात चिपाडं सारणारा मारुती ओशाळून पुढे आला. "माझ्या दंडावर हाय, वैनी. लई वाजतीया म्हणून मालकांनीच लावली. आन् मी सकाळधरनं रस पितोय."

रस मारुती पीत होता आणि इन्सुलिन गणपतरावांना मिळत होतं. आकडा काही उतरेना, म्हणून पंप आणखी सोडत होता. प्रणोतीला सासऱ्यांचा संताप आला. तिने आधी पंप ओढून काढला.

"रुग्णवाहिका बोलाव. आणि रस दे."

"वैनी, यंत्र नको म्हणतंय."

"यंत्र तुझी साखर सांगतंय, मारुतीभाऊ. ह्यांची न्हाई!"

गणपतरावांनी पेला ढकलला, शिवी हासडली. तिने पेला पुन्हा ओठांशी नेला. अजून त्यांना गिळता येत होतं. एकदा शुद्ध हरपली, तर तोंडात थेंबही घालायचा नाही, तो श्वासनलिकेत जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घोट घोट करत अर्धा पेला गेला. तिने घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं झाली तरी थरथर थांबेना. तिने पुन्हा अर्धा पेला भरला.

"प्रणोती," बऱ्याच वेळाने ते क्षीण आवाजात म्हणाले, "रसाची काहील चुलवाणावरनं उतरवली न्हवं?"

"आग लागू दे त्या काहिलीला!" ती म्हणाली आणि रडू लागली.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून पाहिलं. अडुसष्ट, अजूनही कमीच. "पंप काढलात म्हणून वाचले. पण आधीचं इन्सुलिन अजून अंगात आहे, रुग्णालयात ठेवावं लागेल." मग धीर द्यावा तसं म्हणाले, "यापुढे घरच्यांचा असा गोंधळ होणार नाही. नव्या पंपाला कुलूप येतंय. रुग्णालयाच्या नियंत्रण केंद्राने हुकूम दिल्याशिवाय तो कुणालाच काढता येणार नाही."

प्रणोतीने डोळे पुसले.

"आणि केंद्राला आकडा कोण कळवणार, डॉक्टर?"