अंगठ्याची वीट

दोन हजार दिवस पुरे झाले की डॉ. मुकुंद देवतळ्यांना काय काय मिळणार होतं, याची यादी त्यांनी कागदावर कधी केली नव्हती. पाठ असलेली गोष्ट कोण लिहून ठेवतो? देशात बांधायच्या सात नव्या उष्माकोठारांची मुखत्यारी, एका संशोधनसंस्थेच्या दारावर नाव, आणि मोठ्या बैठकांतली मधली खुर्ची. तिथे आजवर बसलेल्यांना भट्टीची आच ठाऊक नसायची. तिसऱ्या गोष्टीचा मोह सर्वांत मोठा होता, म्हणून ती ते कुणाजवळ बोलत नसत.

वर्धा नदीकाठच्या शिलाबंध सिमेंट कारखान्यातलं उष्माकोठार ही त्यांचीच करणी. तीन मजली उंच, आत चाळीस हजार वाहक विटा. दुपारी ऊन उतू जात असतं तेव्हाची वीज थेट विटांमधून सोडायची. त्या पंधराशे अंशांवर पांढऱ्या पडतात. मग त्यांच्यातून हवा फिरवली की तीच ऊब रात्रंदिवस सिमेंटची भट्टी चालवते. कोळसा नाही, तेल नाही, धूर नाही. निर्धूम प्रमाणपत्राची अट एवढीच होती : सलग दोन हजार दिवस कोठारात ज्वाला शिरता कामा नये, आणि तापमान तेराशेच्या खाली उतरता कामा नये.

दोन हजारावा दिवस सरला. कोठार पहिल्यांदाच थंड केलं गेलं आणि तपासणीला डॉ. इरावती सोनटक्के आल्या.

"नुसत्या थरवाचनावर एवढा भरवसा ठेवता तुम्ही?" देवतळ्यांनी चहा पुढे करत विचारलं.

"प्रबंध तुमचाच आहे, सर. आम्ही तो परीक्षेसाठी पाठ केला होता."

शेजारी पाळीप्रमुख निखाडे उभा होता. त्याच्याकडे वळून इरावतीबाई म्हणाल्या, "कुंभाराचं मडकं मोकळ्या हवेत भाजलं तर लाल होतं, हवा कोंडून धुरात भाजलं तर काळं. विटेचंही तसंच. रोज तापताना तिच्यातलं क्रोमियम थोडं उडतं आणि निवताना तिच्याच अंगावर बसतं. दिवसाला एक थर, केसाहून बारीक. विजेच्या दिवशी विटेभोवती स्वच्छ हवा असते, थर लाल बसतो. ज्वालेच्या दिवशी हवा ज्वालाच खाऊन टाकते, थर काळा. वीट कापायची आणि मोजायचं. झाडाचं वय मोजतात तसं."

"आणि थर पुसता येत नाहीत," देवतळे म्हणाले. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आठशे बाराव्या दिवशी, अकरा दिवसांच्या झडीत, कोठार तेराशे वीसवर आलं होतं. तेव्हा त्यांनीच कोठाराच्या जुन्या तोंडाशी असलेल्या तेलाच्या बर्नरचं सील काढायला लावलं. झाकण उघडलं भट्टीमिस्त्री पुंडलिक कुंभारे यांनी. निखाडे तेव्हा नवा होता. तेलाची कळ त्याने फिरवली. एकच दिवस. आता कोठार निवताच, तपासणीआधी, देखभालीच्या नावाखाली त्या तोंडाजवळच्या दोन्ही साक्षी विटा, म्हणजे तपासणीसाठी नेमून ठेवलेल्या, देवतळ्यांनी ज्वाला न पोचलेल्या आतल्या विटांशी बदलून घेतल्या. नकाशावर आठ साक्षी विटा होत्या. आठही आता निष्पाप होत्या.

त्या दुपारी आठही लाल निघाल्या. देवतळ्यांनी दुसरा चहा मागवला.

"आता नववी," इरावतीबाई म्हणाल्या. "नकाशाबाहेरची एक वीट आम्ही आमच्या मर्जीने घेतो. मालकाने जपलेल्या विटा गुणीच असतात. कोठार ज्यांनी रचलं त्या मिस्त्रींना मी बोलावलंय."

दारात पुंडलिक कुंभारे उभे होते. तीन वर्षांत माणूस अर्धा झाला होता. त्यांनी हात जोडले, तेही देवतळे उभे होते त्याच्या जरा डावीकडे.

"कुंभारेकाका, पहिल्या दिवसापासून न हललेली वीट कोणती?"

"अंगठ्याची जी. पहिली वीट मिस्त्री आपल्या अंगठ्याचा ठसा देऊन बसवतो, कोठाराच्या तोंडाशी. हळदकुंकू साहेबांनीच वाहिलं होतं तिले."

देवतळ्यांना ते कुंकू आठवलं. ही वीट कुठल्याच नकाशावर नव्हती, कारण पूजेची वीट कोण मोजतो?

कुंभारे जुन्या तोंडात वाकले, विटांवरून हात फिरवत गेले आणि एका जागी अंगठा रुतवून थांबले. म्हातारा मुद्दाम खेळवतोय, असं देवतळ्यांना वाटलं. मग छिन्नीचे ठोके सुरू झाले आणि त्यांनी विचार केला : एक काळा थर निघणार. एकच. एका थराला एक धनी लागतो.

"बाई, आधीच सांगितलेलं बरं," ते म्हणाले. "एक काळा थर निघेल. आठशे बाराव्या दिवशी, कुंभारेंच्या हातून जुन्या तोंडाचं झाकण उघडलं गेलं. म्हातारा माणूस, मी दबवून ठेवलं."

ठोके थांबले. कुंभारे तसेच वाकलेले होते. "हो जी," ते म्हणाले, "झाकण मीच उघडलं होतं." आणि पुन्हा ठोके सुरू झाले.

वीट कापली गेली, थरवाचकाखाली ठेवली गेली. इरावतीबाईंनी एकदा मोजलं, मग दुसऱ्यांदा.

"सर, तेवीस आहेत."

"काय तेवीस?"

"काळे थर. पहिला आठशे बाराव्या दिवसाचा, तुम्ही म्हणालात तसा. नऊशे पाचव्या दिवसापर्यंत आणखी चार. त्यानंतर अठरा. कुंभारेकाका, तुम्ही काम कधी सोडलंत?"

"सोडलं नाही जी. नऊशे पाचव्या दिवशी काढलं मले."

देवतळ्यांनी निखाडेकडे पाहिलं. निखाडेने जमिनीकडे.

"का रे?" देवतळ्यांनी विचारलं.

"सर, त्या झडीत पहिल्यांदा कळ फिरवली तेव्हा तुम्ही म्हणालात, ढगांना प्रमाणपत्र कळत नाही. आम्हाला वाटलं, इथली रीत अशीच असते."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं," निखाडे अदबीने म्हणाला. देवतळ्यांची सोय पाहण्यात त्याने कधी कसूर केली नव्हती.

त्यांना नऊशे पाचवा दिवस आठवला. कुंभारे त्यांच्या खोलीत आले होते, खुर्ची न घेता बोलले होते : "साहेब, तोंडाजवळची वीट काळी पडून राहिली. कोणी जाळून राहिलं आतमध्ये." आपल्या पापाची आठवण करून देऊन हा काहीतरी उकळायला आलाय, एवढंच देवतळ्यांच्या कानांनी ऐकलं होतं. "काय पाहिजे तुम्हाला?" त्यांनी विचारलं होतं. "मले काय पाहिजे जी? विटेचं सांगून राहिलो." माणूस चार नव्या ज्वालांची खबर घेऊन आला होता, यांनी त्यात आपली एकच ऐकली. संध्याकाळपर्यंत पत्र तयार झालं : दृष्टिदोषामुळे मिस्त्रीकामास अपात्र. कारखान्यातली सर्वांत तीक्ष्ण नजर कागदावर अधू ठरली.

"बाई," देवतळे म्हणाले, आणि आवाज आपलाच आहे का याची त्यांना खात्री वाटेना, "मघाशी मी खोटं बोललो. झाकण माझ्या हुकमाने उघडलं. साक्षी विटा मी बदलल्या."

इरावतीबाईंनी ते लिहून घेतलं. वर पाहिलं नाही. ज्याचा प्रबंध पाठ केला त्याच्याकडे अशा वेळी कसं पाहायचं, हे कुठल्या परीक्षेला नव्हतं.

देवतळे कुंभारेंजवळ गेले. "पुंडलिकराव, सांगा. काय करू?"

"ते पत्र तेवढं बदलून द्या जी. डोळे बरोबर होते, एवढं लिहा. अधू मिस्त्री म्हणून कोणी वीटभट्टीवर उभं केलं नाही मले. चुन्याच्या भट्टीवरच घेतलं."

देवतळ्यांनी तिथेच, विटेच्या भुकटीने माखलेल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहिलं : श्री. पुंडलिक कुंभारे यांची दृष्टी निर्दोष होती. आधीचा शेरा खोटा आहे. खाली सही केली.

कुंभारेंनी कागद घेतला, नाकाजवळ नेला, उजेडाकडे तिरपा केला, मग परत पुढे केला.

"वाचून दाखवा जी. डोळ्यांत चुना उडाला दोन साल आधी. उजवा तेव्हाच गेला, डाव्याले उजेड तेवढा समजते."

देवतळ्यांनी वाचलं. 'निर्दोष' या शब्दाशी त्यांना एकदा थांबावं लागलं. कुंभारेंनी मान हलवली, कागदाची बारीक घडी केली आणि कापलेल्या विटेचा एक तुकडा चाचपून मागून घेतला. अंगठ्याचा ठसा होता त्यावर.

अहवाल संध्याकाळी गेला. लाल थर एक हजार नऊशे सत्त्याहत्तर, काळे तेवीस. काळ्यांपैकी एक देवतळ्यांचा, बावीस निखाडेचे. देवतळ्यांच्या हातून सात कोठारं गेली, जी अजून बांधलीच नव्हती. निखाडेची बदली झाली. कारखान्याच्या फाटकावरचा आकडा पुसून तिथे 'दिवस पहिला' लिहिला गेला. आणि ज्याच्या नावावर तेविसांतला एकही थर नव्हता, त्याने दंडापोटी दोन डोळे भरले.