हयात असल्याची नोंद

लिफ्ट दुरुस्त करून दमून घरी आलेल्या माणसाला निदान घरात तरी कोणी लिफ्टबद्दल बोलू नये, एवढीच लेकीची माफक अपेक्षा होती. पण तिने हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच आईने तक्रार नोंदवली.

"ठमे, तुझ्या त्या लिफ्टचं दार आज माझ्या खांद्यावर आपटलं. दोनदा."

"शक्यच नाही, आई. दाराच्या दोन्ही कडांना किरणांची जाळी असते. मांजराची शेपटी मध्ये आली तरी दार मागे सरतं."

"म्हणजे मी शेपटीतसुद्धा जमा नाही."

लेक हसली. पुढचे काही दिवस पुरलेलं तेवढंच हसणं.

आई सदतीस वर्षं टायपिस्ट होती. कळांकडे बघून टाइप करणं म्हणजे तिच्या लेखी आरशात बघून घास तोंडात घालणं. पेन्शनवाल्यांना आपण अजून जिवंत आहोत हे दर वर्षी कळवावं लागतं, आणि यंदा ते घरबसल्या होणार होतं. त्याच दिवशी सकाळी आईने लेकीचा लॅपटॉप पुढ्यात ओढला, नजर छताला लावली आणि संकेतस्थळाचा पत्ता धडाधड टाइप केला. लॅपटॉपच्या कळा चिमुकल्या. बोटं एक घर सरकून बसली होती. ती पोचली पेन्शन कार्यालयाच्या शेजारच्या पत्त्यावर. असे शेजारचे पत्ते काही लोक मुद्दाम घेऊन ठेवतात आणि म्हाताऱ्या बोटांची वाट बघत बसतात. पान हुबेहूब तेच. आईने नाव दिलं, जन्मतारीख दिली, कॅमेऱ्यात बघून चेहरा दिला.

"काय अदबीनं बोलतात गं," ती संध्याकाळी म्हणाली. "हयात असल्याची नोंद झाली, आभारी आहोत, असं आलं."

लेकीने लॅपटॉप ओढून आईने टाइप केलेला पत्ता एकेक अक्षर वाचला. खऱ्या कार्यालयाने आजवर कोणाचे आभार मानले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघी खऱ्या कार्यालयात गेल्या. आई पुढे होती. काचेचं सरकतं दार उघडलं नाही. लेक मागून आली, तेव्हा उघडलं. खिडकीतल्या चष्मेवाल्या कारकुनाने आईला कॅमेऱ्यासमोर बसवलं, पडद्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"चेहरा सापडत नाही."

"समोर बसलाय की," लेक म्हणाली.

"मला दिसतोय हो ताई. यंत्राला दिसत नाही."

"मग तुम्ही लिहा, दिसतो म्हणून."

"माझ्या दिसण्याला इथे काही किंमत नाही." तेवढं मात्र तो अगदी खरं बोलला. मग त्याने आवाज खाली आणला. "आणि यांची नोंद आधीच कुठेतरी झालेली दिसतेय. एक माणूस दोन ठिकाणी हयात कसा राहील? शुक्रवार संध्याकाळपर्यंत निस्तरा. नंतर आम्ही मयत धरतो. एकदा धरलं की सोडता येत नाही."

"त्या चोरांना जाऊन धरा ना!"

"ते आमच्या कक्षेत येत नाहीत. या येतात."

लेकीने टेबलावर मूठ आपटली. आईने हळूच तिची बाही ओढली. बाहेर पडताना आईने नळाखाली हात धरले. नळ आपोआप सुटणारा होता. सुटला नाही. आईने कोरडेच हात रुमालाला पुसले.

इमारतीत परतल्यावर लेकीने लिफ्टमधल्या बटणांच्या फळीत दुरुस्तीची किल्ली फिरवली. अशाने आतलं वजन आकड्यात दिसतं. आकडा आला चौसष्ट. तो तिचा एकटीचा होता.

"आई, जरा बाहेर हो."

चौसष्ट.

"आता आत ये."

चौसष्ट. आईचं वजन अठ्ठेचाळीस. दवाखान्यातला काटा गेली पाच वर्षं तेच सांगत होता. वजन मोजणारा भाग बिघडला असणार. तिने दुसऱ्या दिवशी नवाकोरा बसवला. चौसष्टच.

"दुखत काहीच नाही गं," आई म्हणाली. "नुसतं मोजत नाहीत."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोलिसांत तक्रार झाली. त्यांनी तक्रारीला एक सुंदर क्रमांक दिला. पत्ते वाटणाऱ्या कंपनीने कळवलं की पत्ता कोणीच घेतलेला नाही, तो रिकामा आहे. सदतीस वर्षं या बाईने दुसऱ्यांचे अर्ज बिनचूक टाइप केले, आणि एका कळेवरून कुठला तरी हरामखोर तिला पुसून टाकतो? समोर आला असता तर तिने त्याला लिफ्टच्या खड्ड्यात सोडून वर झाकण लावलं असतं.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला ती लॅपटॉपसमोर बसली. एकेक कळ बघून, मुद्दाम, आईचाच चुकीचा पत्ता टाइप केला.

पान उघडलं. आईचा फोटो. खाली 'हयात'. फोटोतल्या आईच्या गालांवर तजेला होता, घरातल्या आईला गेले कित्येक महिने नसलेला. फोटोने कानामागे केस सारले.

कोपऱ्यात चौकट उघडली. 'आपली काय सेवा करू?'

'आईची नोंद काढा. चोर आहात तुम्ही!'

'आपल्या रागाची नोंद घेतली आहे.'

'नोंद काढा!'

'एक नोंद काढल्यास जागा रिकामी राहते. तक्रारदाराने कृपया कॅमेऱ्याकडे पाहावे.'

हे काय आहे ते तिला कळत होतं. अनोळखी पानाला चेहरा देऊ नका, हेच ती वर्षभर सगळ्या इमारतीला बजावत आली होती. घड्याळात पावणेचार झाले होते.

कॅमेऱ्याशेजारचा दिवा लागला.

"बघा!" ती ओरडली. "नीट बघून घ्या कोण बोलतंय!"

'पाहिले,' चौकटीत आलं. 'आभारी आहोत.'

पान गेलं.

पाचच मिनिटांत आईचा फोन वाजला. चष्मेवाला होता. मशीन सुधारलं असावं म्हणाला; जुन्याच फोटोत चेहरा सापडला, दाखला झाला.

आई लहान पोरीसारखी चप्पल घालून तयार झाली. "चल, तो कागद आजच घेऊन येऊ. यांचा काही नेम नाही."

लिफ्टचं दार मिटता मिटता आईने मुद्दाम मध्ये हात घातला. दार मऊपणे मागे सरलं.

"बघ! मान देतंय मला!"

लेक हसत तिच्या मागून आत शिरली. दार तिच्या पाठीला घासून बंद झालं. सवयीने तिने किल्ली फिरवली.

अठ्ठेचाळीस.

"ठमे, तळमजल्याचं बटण दाब की गं," आई म्हणाली.

लेक मघापासून तेच दाबत होती.