आलेबाईंची बिघडलेली बाटली

"माफ करा, पण तुमच्याकडे साप पाळलाय का?"

दार उघडताच कानावर आलेल्या या प्रश्नाने तिच्या हातातली गाळणी खाली पडली. दारात शेजारी नव्याने राहायला आलेला तो उभा होता. बस आगारात लाउडस्पीकरवरून गाड्यांच्या वेळा सांगायचं काम करायचा. आवाज असा, की "तुमची गाडी निघून गेली" हेही त्याने सांगावं आणि माणसाला राग येऊ नये.

"साप?"

"रोज सकाळी सहाला भिंतीपलीकडून फुस्स... फुस्स... असं ऐकू येतं. आठ वेळा. मी मोजलंय."

ती हसत सुटली. हसता हसता त्याला थेट ओट्यापाशीच घेऊन गेली. तिथे बरणीत तिचं आल्याचं विरजण होतं — किसलेलं आलं, साखर आणि पाणी. त्या विरजणाला रोज चमचाभर आलं-साखर खाऊ घालायची. मग त्यातलं थोडं अननसाच्या नाहीतर संत्र्याच्या रसात घालून बाटल्या भरायच्या आणि रोज सकाळी प्रत्येक बूच सैल करून आतली हवा सोडायची.

"आणि नाही सोडली तर?"

"तर रस आंबतो. चढतोसुद्धा! मग तो सरळ मोरीत ओतायचा."

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात बसायची; पण जीव सगळा या बाटल्यांत. त्या दिवसापासून तो रोज अर्धा ग्लास प्यायला यायला लागला.

"आलेबाई, आज घशाला काय?"

"अननस. आणि तुमचा आवाज माझ्या आल्यावर चालतो, हे जरा स्टँडवर सांगा की."

"सांगितलं तर सगळे प्रवासी तुमच्या दारात. मग माझा नंबर कधी लागायचा?"

यावर ती उगीचच पुसलेला ग्लास पुन्हा पुसायची. आतून आईचा खोकला ऐकू यायचा, आणि आईला सर्दी झालेली नसायची.

एका शुक्रवारी तो म्हणाला, "सोमवारी माझी चाचणी आहे. आगारप्रमुख समोर बसून ऐकणार. जमलं तर कायम, नाहीतर... बॅग भरायची."

"सोमवारी तुमच्यासाठी खास बाटली. घसा असा उघडेल, की बघाच!"

बोलून गेली खरी. पण शनिवारी मावशीकडून निरोप आला, आणि मायलेकी दोन दिवस तिकडेच राहिल्या. रविवारी रात्री परतली ती थकून झोपली. सोमवारी सकाळी पहिलं बूच सैल केलं, तर फेस छताला! चाखून बघितलं — जीभ चरचरली, कानशिलं गरम झाली. सगळ्या बाटल्यांचं तेच. ओतून द्यायला हव्या होत्या, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तो दारात येणार, "खास बाटली कुठंय?" विचारणार, आणि आपण रिकामे हात दाखवायचे... तिने त्यात दोन चमचे मध घातला, ताज्या संत्र्याचा रस पिळला, दोनदा गाळलं, आणि ग्लास त्याच्या हातात दिला.

"कसं झालंय?"

त्याने एक घोट घेऊन तिच्याकडे बघितलं. मग पूर्ण ग्लास रिकामा केला. "फर्मास," म्हणाला, आणि जिना उतरला.

संध्याकाळी खालच्या शिंपीकाकांनी हकीकत सांगितली. ऐन घोषणेत माइकवर एवढी मोठी ढेकर आली, की सगळा स्टँड हसला. वर आगारप्रमुखांना तोंडाचा वास आला. पिऊन आला, असा शेरा पडला. "आणि हा गडी काय प्यायला ते सांगायलाच तयार नाही. नुसती मान खाली!"

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रात्री भिंतीपलीकडे त्याच्या पावलांचा आवाज येत होता आणि तिने उशीत तोंड खुपसलं होतं. चूक झाली असती तर वेगळं. तिने जाणूनबुजून दिलं होतं — चार कौतुकाच्या शब्दांसाठी. आणि तो तिचं नाव वाचवत बसला होता.

सकाळी तिने दुकानात सुट्टी सांगितली, उरलेली एक बाटली पिशवीत घातली आणि आगारात गेली. आगारप्रमुखांच्या खोलीत तो आधीच उभा होता, राजीनाम्याचा कागद हातात घेऊन. त्याला बघताच ती दारातच थबकली. पण आता परत फिरणं तिला जमलं नसतं.

"साहेब, ते दारू नव्हते प्यायले. हे प्यायले होते." तिने बूच काढलं. फेस टेबलभर झाला, साहेबांच्या शर्टावर उडाला. साहेबांनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं का हे आंबलंय?"

'नव्हतं' म्हटलं असतं तर तिथेच सुटली असती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. डोळ्यांत पाणी दाटलं होतं.

"माहीत होतं, साहेब. चव लपवायला मध घातला. यांच्यासमोर कमीपणा नको म्हणून... चूक माझी आहे. त्यांना काढू नका."

साहेबांनी रुमालाने शर्ट पुसला. खूप वेळ पुसला. "शुक्रवारी पुन्हा चाचणी," ते म्हणाले. "तोपर्यंत फक्त पाणी प्या. आणि बाई, तुम्ही माझं टेबल पुसून जा."

ती टेबल पुसून बाहेर आली तेव्हा तो बाकड्याशी उभा होता. ती मान खाली घालून पुढे जायला लागली.

"थांब ना."

"कोणत्या तोंडाने थांबू? मला माहीत होतं रे..."

"मलाही माहीत होतं."

ती वळली.

"पहिल्या घोटालाच कळलं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "लहानपणी आजी असंच पेय बनवायची. आंबलेलं कसं लागतं ते मला कळतं. पण तू 'कसं झालंय?' विचारून अशी बघत होतीस... मला 'वाईट' म्हणवेना. सगळं प्यायलो आणि वर फर्मास म्हणालो. नोकरीवर पाणी सोडायला निघालेला मूर्ख मी. लाज तुला एकटीलाच वाटते की काय?"

ती रडता रडता हसली. समोर गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरने घंटी वाजवली.

"यापुढे वाईट असेल तर वाईट म्हणशील?" तिने विचारलं.

"म्हणेन. पण मग तू मला रोज करून द्यायला हवंस... आयुष्यभर."

तिने मान वर केली, कालपासून पहिल्यांदाच, आणि म्हणाली, "देईन."